मापाला माणूस

तळवड्यातून निघताना फोन पूर्ण चार्ज करून घ्या. अर्ध्या वाटेत तो तुमच्या हातून जाणार आहे, पण तोवर लागेल.

जुलैतला रविवार आहे. सॉफ्टवेअर पार्कमधल्या काचेच्या इमारती आज गप्प आहेत. मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये मात्र लेथ चालू आहे, कारण सोमवारी सकाळी चाकणला जायचा माल रविवारीच तयार व्हावा लागतो. तुम्ही आधी नदीवर जाता. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मधे ही इंद्रायणी, आज गढूळ आणि काठोकाठ. खाली आळंदीला हिच्यावर पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येत असतात, आणि खरं सांगायचं तर ते फोटो दिसतात सुंदर. कॅमेऱ्याला वास येत नाही.

हे पाणी लोणावळ्याच्या वरून, कुरवंड्याच्या डोंगरातून येतं. तिथल्या सुळक्याला आपण नागफणी म्हणतो. इंग्रजांना त्यातच वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, आणि सहलीला जाणारी निम्मी पोरं आजही ‘ड्यूक्स नोज’च म्हणतात. तुम्हाला तिकडेच जायचंय, नदीच्या उलट दिशेने. फक्त वाटेत वर्षंही उलटी मोजावी लागतील.

देहूरोडला लोकल पकडा. डब्यात उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतले फोन, पाठीवर सॅक, एकाच्या हातात सेल्फी स्टिक. यांचं बोलणं ऐका. कुठला फोटो काढायचा हे सगळ्यांचं ठरलेलं आहे, कारण तो फोटो त्यांनी आधीच पाहिलाय: पाठमोरा माणूस, पुढे दरी, दरीत ढग, आणि आजूबाजूला कुणी नाही. आजूबाजूला शंभर जण असतात, पण त्याचीही सोय आता फोनमध्येच आहे. बोट फिरवलं की मागची माणसं पुसली जातात. तुमच्या शेजारचा मुलगा मित्राला तेच दाखवतोय. मागच्या रविवारच्या फोटोतून त्याने अकरा जण उडवले, तुम्हाला मोजून दाखवतो.

बेगडेवाडीला उतरा.

प्लॅटफॉर्मवर पाय टेकताच तारीख बदलते. आज १५ जून २०२५ आहे, हाही रविवारच. इथून कुंडमळा लांब नाही. इंद्रायणी इथे काळ्या कातळातून जाते. पाण्याने आणि त्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षं कोरलेले रांजणखळगे, त्यांच्या कडांवरून उसळणारं पाणी आणि वर एक जुना, अरुंद लोखंडी पूल. तुम्हाला फोटोतलं थोडंफार कळत असेल तर तुमची नजर आपोआप त्या पुलाकडे जाईल. काठावरून नदी तिरकी दिसते, खळगे एकमेकांमागे लपतात. पुलाच्या मधोमध उभं राहिलं की सगळं समोर येतं. तिथून चांगला फोटो मिळतो हे तुम्हाला कळतं तसं बाकीच्यांनाही कळतं, त्यात कुणाचा मूर्खपणा नाही. पुलावर शंभराहून जास्त माणसं आहेत. त्यांच्यातूनच मोटारसायकली काढण्याची धडपड चालू आहे. पूल धोकादायक असल्याचं सांगणारा फलकही आहे. लोक त्याच्या शेजारून जातात, जसं आपण सगळे अशा फलकांच्या शेजारून जातो.

दुपारी साडेतीनच्या सुमारास पूल कोसळला. चार जण गेले, अनेक जखमी झाले. तो क्षण पाहायला मी तुम्हाला इथे थांबवणार नाही. त्याचेही व्हिडिओ निघाले, ते तुम्ही पाहिले असतील.

त्यानंतरच्या आठवड्यात सगळीकडे पर्यटकांच्या बेजबाबदारपणाची चर्चा झाली. मला ती अर्धवट वाटते. हा पूल पर्यटकांचा नव्हताच. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावकऱ्यांना, शेतकऱ्यांना पलीकडे जाता यावं म्हणून तो उभा होता. एका वेळी चार-दोन माणसं, एखादी दुचाकी, डोक्यावर भारा. कामाला जाणारा माणूस पुलावर थांबत नाही, ओलांडून पुढे जातो. फोटो काढणारा थांबतो. पुलाचं काम होतं माणसं पलीकडे नेण्याचं. आपण त्याचा सज्जा केला, आणि हा बदल कुठल्याच कागदावर कुणी नोंदवला नाही.

पुन्हा गाडीत बसा. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. भुशी धरण मी तुम्हाला नुसतं लांबून दाखवतो. पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसून फोटो काढायची मावळातली ती सगळ्यात लाडकी जागा. ती बांधली गेली १८६०च्या दशकात, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. म्हणजे आपण सगळे पावसाळाभर इंजिनांच्या पाण्याच्या टाकीवर बसून भजी खातो. ३० जून २०२४ला याच धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. चला पुढे.

आता फोन खिशात घाला, आणि खिशातून हात बाहेर काढाल तेव्हा हातात आगफा क्लिक थ्री असेल. सन १९७५. खंडाळ्यात, अमृतांजन पॉइंटला, पिंपरीतल्या एका कंपनीच्या कामगारांची सहल आली आहे. तुम्ही त्यांच्यातलेच एक. अंगात टेरिकॉटचा शर्ट, बायकोच्या हातात स्टीलचा डबा, मुलीच्या डोक्याला रिबिनी. कॅमेरा मेव्हण्याचा आहे, आणि तो नीट परत द्यायचा आहे ही काळजी सहलभर तुमचा पिच्छा सोडत नाही. त्यात १२० नंबरचा रोल आहे. चौकोनी बारा फोटो. तेराव्याचा प्रश्न नाही.

समोर काय दिसतं ते आधी पाहून घ्या, कारण यातलं बरंचसं पुढे नाहीसं होणार आहे. एक्स्प्रेस-वे अजून कुणाच्या कल्पनेतही नाही. जुना घाटरस्ता आहे, त्याच्यावर ट्रक कण्हत चढताहेत. त्यांचे ड्रायव्हर खाली शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकून आलेले आहेत. इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी ती गोष्ट आहे. आणि इकडे तो दगडी पूल आहे. १८३० साली जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना हा घाट गाड्यांना खुला झाला, त्या वेळचा. पुढे त्याच्यापाशी डोकेदुखीच्या बामाची जाहिरात लागली आणि पुलाचं नाव अमृतांजन पूल पडलं, मग पॉइंटचंही. एक्स्प्रेस-वे झाल्यावर या पुलाच्या कमानी वाहतुकीच्या मधे येऊ लागल्या आणि एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून तो पाडला. नाव मात्र राहिलं. जाहिरात गेली, पूल गेला, पॉइंट अमृतांजनच.

तुम्ही मुलीला कठड्यापाशी उभं करता. मग बायकोला. मग शेजारच्या खात्यातला मित्र म्हणतो, “अहो, तुम्ही पण या की, मी दाबतो.” बारापैकी बाराही फोटोंत माणसं आहेत. नुसत्या दरीवर फोटो घालवणं तुमच्या मनातसुद्धा येत नाही. दरी कॅलेंडरवरही मिळते. तुम्हाला हवा आहे तो पुरावा, की दरीपाशी आपण होतो, आपली माणसं होती, बाईंच्या अंगावर नवी साडी होती. पाहिजे तर या फोटोंना हसा, पण त्यातली दरी कशी आली आहे ते आधी बघा. धुकं आणि आकाश एकच पांढरा पट्टा. हिरवा डोंगर करडा. रंगाचा रोल महाग आणि तो धुवायला लांब पाठवायला लागतो. खंडाळ्याचा पावसाळा म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढे जो हिरवागार फोटो येतो, तो या अल्बममध्ये नाही. लोक पावसाळा पाहून जात होते, घरी नेत होते ती माणसं.

अजून मागे जायचंय. १९२९–३०च्या सुमारास मुंबई-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली, घाटातली वाट बदलली आणि खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. तोपर्यंत वर चढणारी गाडी डोंगराच्या सोंडेवर थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट तोंडाने पुढची चढण धरायची. गाडीला वळण घ्यायला डोंगराने जागाच ठेवली नव्हती. त्या सोंडेवर आता उतरा. सावकाश, कारण खाली कठडा नाही.

फेब्रुवारी १८६२.

पहिली गोष्ट तुमच्या लक्षात येईल ती ही, की इथे हिरवं काही नाही. गवत वाळून पिवळं पडलंय, झाडी चुलींसाठी आणि बांधकामासाठी तोडली आहे, आणि डोंगराची कातडी जागोजाग सोलली आहे. मग आवाज. पहार कातळावर पडल्याचा आवाज एक नाही, शेकडो, आणि ते एका तालात येत नाहीत. मधेच कुणीतरी ओरडतं, सगळे मागे सरतात, सुरुंग उडतो, आणि धूर खाली बसायच्या आत पुन्हा पहारी सुरू. समोरच्या कड्यावर माणसं दोरांनी लोंबकळताहेत. त्यांना उभं राहायला जागा नाही. आधी भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, मग कड्यातून पायापुरती जागा फोडायची. बाया टोपल्यांतून खडी वाहताहेत, त्यांच्या मागे पोरं.

बोगदे २५, दगडी पूल ८, आणि पंधरा मैलांत साधारण १८०० फुटांची चढण. आदल्या वर्षी या एका चढणीवर एकाच वेळी ४२,००० माणसं काम करत होती. तुमच्या काळातल्या चाकणच्या कितीतरी कारखान्यांतली माणसं एकत्र केली तरी हा आकडा सहज भरणार नाही. देशावरून, कोकणातून आलेले हे लोक गवताच्या खोपटांत राहतात. पटकी आली की एका रांगेतली खोपटी रिकामी होतात. आठ वर्षांच्या या कामात किती गेले याची यादी कुणी ठेवली नाही. इतिहासकारांचा अंदाज २५,००० पर्यंत जातो. १८५९ साली मजुरी थकली म्हणून इथे दंगल झाली होती. तेव्हाचा ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला, त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका पुढे चालवला. या बांधकामाच्या फोटोंचा, तिच्या नावाशी जोडलेला अल्बम तुमच्या काळातही लंडनमध्ये जपून ठेवलेला आहे. तुम्ही आत्ता तशाच एका फोटोच्या वाटेत उभे आहात.

“ए, बाजूला हो!”

तुम्ही वळून पाहता. तीन पायांच्या घोडीवर लाकडी पेटी, तिच्यामागे काळ्या कापडात डोकं खुपसलेला साहेब, आणि दहा पावलांवर काळा तंबू. तुम्हाला हटकणारा त्याचा मदतनीस आहे, मुंबईचा, विशीतला, बोटं नखांपर्यंत काळी पडलेली. ते सिल्व्हर नायट्रेटचे डाग आहेत, धुऊन जात नाहीत. तो एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या फोटोग्राफीच्या वर्गात होता, हे दोन मिनिटांत तुम्हाला कळेलच, कारण ते तो सगळ्यांना सांगतो. हा वर्ग १८५५ला निघाला, त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. पोरगा ही नावं सांगताना थोडा ताठ होतो.

“फोटो काढता येतो तुला?” तो विचारतो. तुम्ही हो म्हणता आणि सवयीने खिसा चाचपता. खिसा रिकामा आहे.

“मग ये. पाणी धर.”

तंबूत शिरा, पण आधी छाती भरून श्वास घ्या. आत ईथरचा वास डोक्यात जातो आणि उकाडा असा की दोन मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात. तो एका काचेवर कोलोडियन ओततो, काच चारी बाजूंना कलती करून ते सारखं पसरवतो, उरलेलं कोपऱ्यातून बाटलीत परत घेतो. धिरड्याचं पीठ तव्यावर फिरवताना जसा हात हलतो तसा त्याचा हात हलतो. मग काच चांदीच्या द्रावणात. मग झाकणाच्या चौकटीत. आणि आता पळायचं. काच ओली आहे तोवरच तिला उजेड दिसतो. वाळली की आंधळी. विलायतेत दहा-पंधरा मिनिटं मिळत असतील, घाटावरच्या या फेब्रुवारीच्या वाऱ्यात तेवढीही नाहीत. तंबू, रसायनं, काचा, पाण्याच्या पखाली हे सगळं चार माणसांनी आणि एका बैलाने सोंडेवर चढवलं आहे, आणि एक काच वाया गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तुम्हाला राहवत नाही. तुम्ही म्हणता, “पावसाळ्यात या. ढग उतरतात, सगळा डोंगर हिरवा होतो. तेव्हाचा फोटो बघण्यासारखा असतो.”

पोरगा हसतो. मग त्याला तुमची कीव येते आणि तो समजावून सांगतो. ही काच निळ्या उजेडाला हपापलेली. आकाश तिला क्षणात भाजतं, म्हणून आकाश कोरं पांढरं येतं, ढग असोत की नसोत. हिरव्याला ती जवळपास ओळखतच नाही, हिरवं येतं काळं. धुक्यात लांबचा डोंगर दिसणारच नाही. पावसात तंबूच उभा राहायचा नाही. म्हणजे तुमच्या डब्यातल्या पोरांना जो फोटो पाठ आहे, ढग आणि हिरवाई, नेमक्या त्या दोन गोष्टी याच्या काचेवर उमटतच नाहीत. मग याने काय टिपायचं? जे स्थिर आहे, घट्ट आहे आणि कडेने धारदार आहे ते. दगड. कमान. फोडलेला कडा. याच्या डोळ्यांना घाटाचं सौंदर्य म्हणजे काय, हे निम्मं त्या काचेने ठरवलेलं आहे. उरलेलं निम्मं बिल भरणाऱ्याने. भागधारकांना काम दिसलं पाहिजे.

आजचा फोटो एका दगडी पुलाचा आहे. नाव म्हाऊ-की-मल्ली. उंच खांब, वर कमानी, चुना अजून पुरता वाळलेला नाही. साहेब कापडातून डोकं बाहेर काढून काहीतरी पुटपुटतो. पोरगा इकडेतिकडे बघतो. पुलाखाली मजूर आहेत, पण ते हलताहेत, आणि जे हलतं ते काचेवर येत नाही. बेचाळीस हजार माणसं कामाला लागलेला डोंगर फोटोत ओसाड दिसतो, तो यामुळेच. तुमच्या डब्यातल्या पोराला बोट फिरवून जी माणसं पुसावी लागतात, ती इथे आपोआप पुसली जातात. त्यासाठी नुसतं काम करत राहिलं की पुरे.

“तू जा रे,” पोरगा तुम्हाला म्हणतो. “त्या खांबाला लागून उभा राहा.”

“मी कशाला?”

“साहेबाला खांबाची उंची दाखवायचीय. शेजारी माणूस नसला तर विलायतेतल्या माणसाला कसं कळणार?”

तुम्ही खाली उतरता. मुकादम तुमच्या हातातलं पाण्याचं भांडं काढून घेतो, डोक्याला एक मळकं मुंडासं गुंडाळतो आणि खांबाला पाठ टेकवून उभं करतो. वरून हात होतो. झाकण निघतं. आता हलायचं नाही. एक, दोन, तीन. पाठीला दगड गार लागतो. चार, पाच. कपाळावरून घाम डोळ्यात उतरतोय. सहा. वर सुरुंग उडतो आणि तुमची मान नकळत वळते. सात, आठ. झाकण बसतं.

पोरगा तंबूत पळतो, तुम्ही त्याच्या मागे. काचेवर तो आणखी एक रसायन ओततो आणि अंधारातून हळूहळू खांब उगवतो, उलटा, काळ्याचा पांढरा झालेला. कमानीतला एकेक सांधा मोजता येईल इतका स्वच्छ. तुमच्या फोनमध्येही इतके बारकावे आले नसते. खांबाच्या पायथ्याशी तुम्ही आहात. पाय स्वच्छ, धड स्वच्छ. मानेच्या वर एक पुसट डाग.

“हललो मी,” तुम्ही म्हणता. “चेहरा गेला. परत काढू या का?”

“चेहरा कशाला पाहिजे?” पोरगा काच उन्हाकडे धरून नीट न्याहाळतो. “उंची कळली ना?” आणि काच धुवायला घेतो.

तुम्ही बाहेर येता. मुकादम खांबाखालीच बसून तंबाखू मळतोय. तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे जी इथे कुणालाच माहीत नाही. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल १८६३ला, गव्हर्नर बार्टल फ्रियर येऊन हा मार्ग वाजतगाजत सुरू करेल, आणि आणखी चार वर्षांनी, १८६७च्या जुलैत, हाच पूल कोसळेल. कुंडमळ्याला तुम्ही काही बोलला नव्हता. इथे बोलता.

“मुकादम, हा पूल पडणार आहे. पाच वर्षांनी. भर पावसात.”

तो तुमच्याकडे बघतो, मग वर कमानीकडे बघतो. चिमूट ओठाखाली ठेवतो.

“पाच वर्षांनी होय? तोवर आम्ही असतोय का इथं?” तो हात झटकून उठतो. “जा, पखाल भरून आण. साहेब दुसरी काच लावतोय, आणि या खेपेला तुझ्या जागी त्या बाईला उभी करतो. ती तरी हलणार नाही.”